मोठेपणी दम्याचं निदान झालं तर पहिले तीन महिने: कशानंतर काय करायचं

डॉक्टरांनी 'दमा' हा शब्द उच्चारला की मोठी माणसं साधारण एकाच वाटेने जातात. पहिल्या आठवड्यात घरातले पडदे उतरवतात, फिरायला जाणं बंद करतात आणि पंप मात्र कपाटात ठेवतात, 'अगदीच लागलं तर घेऊ' म्हणून. मग एखाद्या रात्री धाप लागते, अंधारात पंप शोधून कसाबसा ओढला जातो, बरं वाटतं आणि पंप पुन्हा कपाटात जातो. मीही हेच केलं. त्रेचाळिसाव्या वर्षी निदान झालं आणि पुढचे पाच महिने मी औषध चुकीच्या वेळी, चुकीच्या पद्धतीने घेत राहिलो, घर मात्र झाडूनपुसून लख्ख. रोग रेड्याला, औषध पखालीला.

चुका बहुतेक क्रमाच्या असतात, म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. डोसाचे आकडे मात्र तुमच्या चिठ्ठीवरचेच धरा. दोन दमेकऱ्यांचे डोस सारखे नसतात.

## टप्पा ०: अ‍ॅटॅक आला तर काय करायचं, हे आज झोपण्याआधी पाठ करा

बाकी सगळं सावकाश शिकता येतं. हे नाही. म्हणून याचा नंबर पहिल्याच्याही आधी.

१. ताठ बसा, किंचित पुढे झुका. आडवं पडू नका, दम लागलेला असताना आडवं पडल्यावर श्वास घेणं आणखी जड जातं.

२. तातडीचा पंप (बहुतेकांकडे साल्ब्युटामॉलचा असतो) स्पेसरला, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधल्या पोकळ नळीला, लावा. एक फवारा सोडा, स्पेसरमधून चार श्वास घ्या. मग दुसरा फवारा, पुन्हा चार श्वास. असे एकूण चार फवारे.

३. चार मिनिटं थांबा. फरक नसेल तर पुन्हा चार फवारे, त्याच रीतीने.

४. तरीही उतार नसेल तर रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत हाच क्रम चालू ठेवा.

काही जणांना रोजच्या आणि तातडीच्या अशा दोन्ही वापरासाठी ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा एकच पंप दिलेला असतो. त्यांचे आकडे वेगळे: एका वेळी जास्तीत जास्त किती, दिवसाला किती, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

खबरदारी: एक वाक्य एका दमात पुरं करता येत नसेल, ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील, गुंगी येत असेल किंवा माणूस गोंधळल्यासारखा बोलत असेल, तर मोजामोजीत वेळ घालवू नका. आधी रुग्णवाहिका, मग फवारे. आणि घरघर अचानक थांबली पण दम तसाच आहे, तर ते बरं वाटण्याचं लक्षण समजू नका. श्वासनळ्या इतक्या आवळल्या असतील की आवाज व्हायलाही पुरेशी हवा आत-बाहेर होत नाही.

हा क्रम घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी तोंडपाठ हवा. अ‍ॅटॅकच्या वेळी तुम्हाला बोलून सांगता येणार नाही.

## टप्पा १: निदान कशावर उभं आहे ते विचारून घ्या

मोठ्या वयात दम लागण्याची कारणं बरीच आहेत. हृदय कमजोर पडलं तरी रात्री धाप लागते. वर्षानुवर्षांच्या सिगारेटने होणारा सीओपीडी हा फुप्फुसांचा आजार दम्यासारखाच वाटतो, आणि कधी दोन्ही एकत्र असतात. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या एसीई इन्हिबिटर गटातल्या गोळ्यांनी (एनालाप्रिल, रॅमिप्रिल वगैरे) काही जणांना कोरडी ढास लागते आणि ती महिनोन् महिने हटत नाही. म्हणून नुसतं स्टेथोस्कोप लावून निदान झालं असेल तर एक प्रश्न नम्रपणे विचारा: "स्पायरोमेट्री करायची का?"

या तपासणीत नळीत जोरात फुंकर मारायची असते. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते मोजतात, मग श्वासनळ्या रुंदावणारं औषध देऊन दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजतात. पहिल्या सेकंदातली हवा १२ टक्के आणि २०० मिलीलिटर, अशी दोन्ही मापांनी वाढली तर दम्याच्या बाजूने चांगला पुरावा मिळतो. दम्यात नळ्या आवळतात तशा सैलही होतात, तेच इथे पकडलं जातं. पण तपासणीच्या दिवशी तुम्ही ठणठणीत असाल तर निकाल अगदी सरळ येऊ शकतो. एका सरळ रिपोर्टवर 'मला दमा नाहीच' असं ठरवून मोकळं होऊ नका. शक्य असेल तर ही तपासणी रोजचं औषध सुरू होण्याआधी करून घ्यावी. औषध लागू पडलं की पुरावा पुसट होतो. पण त्रास जास्त असेल तर तपासणीसाठी औषध अडवून ठेवायचं नाही.

तयारी: डॉक्टरांकडे जाताना घरातल्या तुमच्या सगळ्या गोळ्या, थेंब, मलमं एका पिशवीत घालून न्या. यादी करून नेली तर नेमकं महत्त्वाचं राहतं. उदाहरणार्थ, काचबिंदूचे डोळ्यात घालायचे टिमोलॉलचे थेंब. डोळ्यातले थेंब आणि छातीचा काय संबंध, असं वाटतं. पण ते बीटा ब्लॉकर गटातलं औषध आहे, डोळ्यातून रक्तात उतरतं आणि दमेकऱ्याच्या नळ्या आवळू शकतं. याच गटातल्या काही गोळ्या रक्तदाब, धडधड आणि अर्धशिशीसाठीही देतात.

दुसरी वस्तू म्हणजे वेदनाशामक. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांपैकी काही घेतल्यावर तासा-दोन तासांत नाक गळणं, चेहरा लाल होणं, छाती भरून येणं असं कधी झालंय का, ते आठवा. हे प्रत्येक दमेकऱ्याला होत नाही. पण मोठेपणी सुरू झालेला दमा, त्याच्या जोडीला नाकातले पॉलिप (मऊ गाठी) आणि वास न येणं, असं एकत्र असेल तर शक्यता वाढते आणि अ‍ॅटॅक जिवावर बेतू शकतो.

खबरदारी: हे वाचून हृदयाची, रक्तदाबाची किंवा डोळ्यांची औषधं परस्पर बंद करू नका. पिशवी डॉक्टरांपुढे ठेवा, बदल त्यांना करू द्या.

## टप्पा २: दोन पंप, दोन कामं

सगळा घोळ इथे होतो.

दम्यात श्वासनळ्यांचं अस्तर सुजलेलं असतं. ही सूज कायमची, मुकी, तुम्हाला न जाणवणारी. या सुजलेल्या नळीला धूर, सर्दी, थंड हवा असं काही झोंबलं की तिच्याभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो आणि दम लागतो.

तातडीचा पंप स्नायू सैल करतो. काही मिनिटांत आराम पडतो, परिणाम चार ते सहा तास टिकतो. सुजेला तो हातही लावत नाही. रोजच्या पंपात सूज उतरवणारं स्टिरॉइड असतं. त्याने त्या क्षणी काहीही वाटत नाही. फरक पडायला काही दिवस ते काही आठवडे लागतात आणि पुरता परिणाम दिसायला महिने. साहजिकच मनाचा विश्वास बसतो तो पहिल्यावर आणि सुटतो तो दुसरा. मी स्वतः तातडीचा निळा पंप खिशात आणि रोजचा पंप खोक्यात, असे पाच महिने काढले. सूज तशीच, दर काही दिवसांनी अ‍ॅटॅक, मग आणखी निळा पंप.

२०१९ सालापासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना, म्हणजे 'जिना', मोठ्या माणसांना फक्त तातडीच्या पंपावर ठेवू नये असंच सांगतात, दमा सौम्य असला तरी. चिठ्ठीवर नुसता साल्ब्युटामॉल लिहिलेला असेल तर त्याबद्दल विचारायला संकोच नको.

आता करायचं काय:

१. काळा मार्कर घ्या. एका पंपावर 'रोज' लिहा, दुसऱ्यावर 'तातडी'. रंगावर विसंबू नका. निळा म्हणजे तातडीचा हा पुष्कळ ठिकाणचा रिवाज आहे, पण कंपनी बदलली की रंगही बदलू शकतो.

२. एकच पंप असेल तर तो कोणता आणि दोन्ही कामांसाठी आहे का, ते विचारा. फॉर्मोटेरॉल चटकन लागू पडतं म्हणून त्याचा तातडीसाठी उपयोग होतो. सॅल्मेटेरॉल तसं चटकन काम करत नाही. नावं जवळपास सारखी, पण सॅल्मेटेरॉलचा पंप तातडीला वापरायचा नाही.

३. रोजचा पंप दात घासायच्या ब्रशजवळ ठेवा. औषध आधी, मग ब्रश आणि गुळण्या. आठवण ठेवायचं काम ब्रशच करतो.

'स्टिरॉइड' शब्दाची धास्ती: पंपातलं स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीतलं मिलीग्रॅममध्ये. एका फवाऱ्यात ब्युडेसोनाइड साधारण २०० मायक्रोग्रॅम असतं. मोठ्या अ‍ॅटॅकनंतर प्रेडनिसोलोनची ४० मिलीग्रॅमची गोळी देतात, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम, आणि तीही पाच-सात दिवस. औषधं वेगळी आहेत, तेव्हा ही तुलना काट्यावर तोलण्यासारखी नाही; पण पंप टाळून माणूस कशाकडे जातो, याचा अंदाज यावा. 'पंपाची सवय लागते' हेही तसंच. औषध सोडल्यावर त्रास परत येतो कारण सूज परत येते. चष्मा काढला की अंधूक दिसतं, म्हणून कुणी चष्म्याचं व्यसन लागलं म्हणत नाही.

## टप्पा ३: पंप ओढायला शिका

औषध बदलण्याआधी, डोस वाढवण्याआधी, दुसरा डॉक्टर शोधण्याआधी हा टप्पा. 'जिना'च्या सूचनांनुसार ७० ते ८० टक्क्यांपर्यंत रुग्णांना पंप नीट वापरता येत नाही, आणि बहुतेकांना आपण चुकतो आहोत हे माहीतही नसतं.

आधी आपला पंप कुठल्या जातीचा आहे ते ओळखा, कारण दोन जातींत ओढण्याची रीत अगदी उलटी आहे.

### दाबायचा, फवाऱ्याचा पंप

१. टोपण काढा, तोंडाच्या भोकात काही अडकलंय का बघा. खिशातल्या पंपात सुटी नाणी आणि कागदाचे बोळे जातात, आणि ते घशात ओढले गेल्याचे प्रकार घडले आहेत.

२. चार-पाचदा हलवा. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर आधी हवेत फवारे सोडा; किती, ते आतल्या पत्रकावर असतं.

३. श्वास सावकाश, पूर्ण सोडा. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. भरलेल्या घागरीत आणखी पाणी मावत नाही.

४. ओठ घट्ट मिटा. सावकाश श्वास घ्यायला सुरुवात करा आणि त्याच क्षणी एकदाच दाबा. तीन ते पाच सेकंद हळूहळू ओढत राहा. झटक्यात ओढलं तर औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आदळतं आणि तिथेच राहतं.

५. दहा सेकंद श्वास रोखा. दहा जमत नसतील तर जमेल तेवढा.

६. दुसरा फवारा हवा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबा, पंप पुन्हा हलवा.

आरशासमोरची तपासणी: मी हे पहिल्यांदा आरशासमोर उभं राहून केलं तेव्हा ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून पांढऱ्या धुराची एक बारीक रेघ निघाली आणि नाकाशेजारून वर गेली. पाच महिने औषध तिथून जात होतं. तुम्हालाही तोंडातून किंवा नाकातून धूर दिसला तर तो फवारा फुकट गेला असं समजा: दाबणं आणि ओढणं जुळलेलं नाही, नाहीतर ओठ सैल आहेत.

जुळत नसेल तर लाज न बाळगता स्पेसर मागा. स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी. औषध तिच्यात थांबतं, तुम्ही सवडीने ओढता. हे लहान मुलांचं साधन आहे असा गैरसमज आहे. फवाऱ्याच्या पंपातून स्टिरॉइड घेणाऱ्या मोठ्या माणसांनीही तो वापरावा, घशात औषध कमी साठतं. दोन पथ्यं: एका वेळी एकच फवारा सोडा, कारण दोन एकदम सोडले तर औषध भिंतींना चिकटून वाया जातं, आणि तो महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून, न पुसता, निथळत वाळवा. कापडाने पुसलं की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषधाचे कण ओढून धरते.

### पावडरचा पंप

याला फवारा नसतो. तुमच्या श्वासाच्या जोरानेच पावडर उडते. म्हणून इथे रीत उलटी: जोरात, खोल, सुरुवातीपासूनच झटक्याने ओढायचं. फवाऱ्यासारखं हळू ओढलं तर पावडर पंपातच राहते.

दोन चुका फार होतात. पहिली, पंप तोंडाशी धरून त्यातच श्वास सोडणं: पावडर ओलसर होते, गोळे बनतात. श्वास नेहमी तोंड बाजूला वळवून सोडा. दुसरी, कॅप्सूलवाल्या पंपाची कॅप्सूल गिळणं. हसू नका, पोटात घ्यायच्या गोळीसारखीच ती दिसते. ती पंपात घालून फोडायची आणि ओढायची असते. ओढताना आत खुळखुळ किंवा भिरभिर आवाज आला तर कॅप्सूल नीट फिरते आहे. नंतर उघडून बघा; पावडर उरली असेल तर पुन्हा एकदा ओढा.

### दोन्ही जातींसाठी

स्टिरॉइडच्या पंपानंतर गुळण्या करून पाणी थुंका. न केल्यास तोंडात पांढरी बुरशी येते, आवाज बसतो. मग माणूस 'औषध सोसत नाही' म्हणून पंपच सोडतो.

पंप संपला की नाही ते हलवून कळत नाही. औषध संपल्यावरही नुसता वायू फुसफुसत राहतो. पाण्यात तरंगवून बघायची जुनी युक्ती विसरा, तिचा भरवसा नाही आणि पंपाच्या तोंडात पाणी जातं ते वेगळंच. आकड्यांची खिडकी असेल तर ती बघा. नसेल तर गणित करा: १२० फवाऱ्यांचा पंप, सकाळी दोन, रात्री दोन, म्हणजे तीस दिवस. संपायची तारीख पंपावरच लिहून ठेवा. त्या तारखेला पंप अर्धा भरलेला निघाला, तर निम्मे डोस चुकले.

थांबा, तपासा: डॉक्टर, नर्स किंवा औषध देणारा फार्मसिस्ट, कुणासमोर तरी एकदा पंप ओढून दाखवा. 'जमतं का?' असं विचारलं की सगळे 'हो' म्हणतात, म्हणून ओढूनच दाखवा. आणि हे पुन्हा पुन्हा करा, कारण नीट शिकलेल्या माणसाच्या चुकाही चार-सहा आठवड्यांत परत येतात.

## टप्पा ४: दोन आठवड्यांची वही

पीक फ्लो मीटर म्हणजे तुम्हाला किती जोरात फुंकता येतं ते मोजणारी एक नळी आणि तिच्यावर सरकणारा काटा. उभं राहून काटा शून्यावर आणा, छाती भरून श्वास घ्या, ओठ मिटून एकाच दणक्यात फुंका. तीनदा करा, तिन्हींतला सर्वांत मोठा आकडा लिहा. सरासरी काढू नका. सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, औषध घेण्याआधी.

समजा सकाळी ३४० आणि संध्याकाळी ४२० आलं. फरक ८०, मधला आकडा ३८०. म्हणजे दिवसात २१ टक्के चढउतार. एक-दोन आठवड्यांत ही रोजची सरासरी १० टक्क्यांपेक्षा जास्त राहिली तर मोठ्या माणसात ते दम्याकडे बोट दाखवतं. शेजारी चार खुणा करत जा: रात्री जाग आली का, तातडीचे फवारे किती, कुठली कामं अडली, आणि त्या दिवशी कुठे होतात. हा शेवटचा रकाना पुढे उपयोगी पडणार आहे.

दोन आठवड्यांनंतरही मीटर फेकू नका. रोजच्या औषधाचा परिणाम स्थिरावला की तुमचा सर्वोत्तम आकडा कळतो. पुढचं सगळं मोजमाप त्याच्याशी करायचं. शेजाऱ्याच्या आकड्याशी किंवा पुस्तकातल्या तक्त्याशी नाही.

## टप्पा ५: तीन रंगांचा कागद

हा कागद डॉक्टरांकडून भरून घ्यायचा असतो. मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही, तेव्हा मागा. सर्वोत्तम आकडा ४५० असेल तर तो साधारण असा दिसतो:

हिरवा, ३६० च्या वर (८० टक्क्यांहून जास्त): झोप शांत, कामं सुरळीत. रोजचं औषध चालू.

पिवळा, २२५ ते ३६०: रात्री जाग, सर्दी छातीत उतरलेली, तातडीचा पंप वरचेवर लागतो आहे. काय वाढवायचं, किती दिवस, आणि किती दिवसांत उतार न पडल्यास फोन करायचा, हे तिन्ही लिहून घ्या.

लाल, २२५ च्या खाली (५० टक्क्यांहून कमी): टप्पा ० आणि तातडीची मदत.

सगळ्यात जास्त चूक पिवळ्यात होते. माणूस दोन दिवस 'बघू, उतरेल' म्हणत राहतो. बरेचसे अ‍ॅटॅक एकाएकी कोसळत नाहीत, आधी दोन-चार रात्रींची जाग देऊन येतात. कागदाचा फोटो फोनमध्ये ठेवा, मूळ प्रत फ्रीजवर लावा.

## टप्पा ६: कारणं शोधा, पण आता

बरेच जण पहिल्या दिवशी जे करतात ते सहाव्या टप्प्यावर का? कारण औषध नीट पोचत नसताना सगळंच झोंबतं. धूळ, अत्तर, पाऊस, मांजर, सासूबाई. सूज उतरल्यावर खरी कारणं दोन-तीनच उरतात, आणि वहीत ती दिसतात.

कामाची जागा सर्वांत आधी तपासा, विशेषतः दमा मोठेपणीच सुरू झाला असेल तर. मोठ्या वयातल्या नव्या दम्यांपैकी ५ ते २० टक्के कामाच्या ठिकाणच्या संपर्कातून येतात. स्वतःला एकच प्रश्न विचारा: सुट्टीत बरं वाटतं का? एका रविवारने फरक दिसला नाही, तर सात-आठ दिवसांच्या सुट्टीत बघा. भट्टीवर पिठात काम करणारे, फवारा मारून रंग देणारे, केशकर्तन करणारे, लाकडाच्या भुशात राबणारे, जंतुनाशकांनी सफाई करणारे यांना धोका जास्त. बऱ्याचदा दम्याआधी काही महिने नाक-डोळे चुरचुरतात.

खबरदारी: संशय आला म्हणून उठून राजीनामा देऊ नका. कामावर असतानाचे आणि सुट्टीतले पीक फ्लोचे आकडे हाच मुख्य पुरावा असतो. आधी तो जमवा आणि तज्ज्ञांना दाखवा. पण पुरावा मिळाल्यावर चालढकलही नको. संपर्क जितका लवकर सुटेल तितका हा दमा बरा होण्याचा संभव जास्त.

सिगारेट स्वतःची असो की दुसऱ्याची, इथे तडजोड नाही. धूम्रपान करणाऱ्यात पंपातलं स्टिरॉइड कमी लागू पडतं. व्हेपिंग, म्हणजे ई-सिगारेट, हीही याच खात्यात.

सर्दी हे अ‍ॅटॅकचं सर्वांत नेहमीचं कारण. हात धुणं, फ्लूची लस दरवर्षी, आणि सर्दी लागताच वहीकडे वळणं.

धूळ-किडे गादी-उशांत राहतात. चाचणीत त्यांची अ‍ॅलर्जी निघाली असेल तरच मेहनत घ्या: चादरी-अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात, कोरडा झाडू टाळून ओलं फडकं, आणि झाडलोट दुसऱ्याने, तुम्ही खोलीबाहेर. नुसती महागडी खोळ विकत आणून दमा सुटल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. एकट्या उपायाने सहसा भागत नाही.

नाक सतत चोंदत असेल, छातीत जळजळ होत असेल, वजन बरंच वाढलं असेल किंवा घोरणं मोठं असेल, तर त्यांवरही उपचार घ्या. या चौघांमुळे दमा आवरत नाही आणि दोष औषधाला जातो.

## टप्पा ७: व्यायाम आणि माणसं

व्यायाम सोडू नका. दमा आवाक्यात असेल तर बहुतेक सगळं करता येतं. दहा-पंधरा मिनिटं हळूहळू अंग गरम करा. थंड, कोरड्या हवेत नाकावर रुमाल घ्या. धाप बऱ्याचदा थांबल्यानंतर पाच-दहा मिनिटांनी लागते, म्हणून व्यायाम संपला की लगेच एकट्याने निघून जाऊ नका. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर आधी पंप घ्या. पण दर वेळी आधी पंप लागतोच आहे, असं असेल तर रोजचं औषध कमी पडतंय.

जवळच्या दोन माणसांना पंप कुठे आहे ते दाखवा. 'दमा आहे' एवढं सांगून भागत नाही. त्यांच्या हातात पंप-स्पेसर देऊन एकदा करून घ्या. दाताच्या डॉक्टरांना, भूलतज्ज्ञांना आणि वेदनाशामक देणाऱ्या प्रत्येकाला सांगा. गरोदरपण आलं तर घाबरून औषध बंद करू नका. बाळाला धोका पंपापेक्षा आवाक्याबाहेर गेलेल्या दम्याचा मोठा असतो. तेव्हा साधारण एक तृतीयांश जणींचा दमा सुधारतो, एक तृतीयांश जणींचा बिघडतो, बाकीच्यांचा तसाच राहतो, म्हणून तपासण्या वाढवायच्या.

## टप्पा ८: तीन महिन्यांनंतरची भेट

जाण्याआधी मागच्या चार आठवड्यांबद्दल चार प्रश्नांची उत्तरं लिहा. दिवसा त्रास आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा झाला का? दम्याने रात्री जाग आली का? तातडीचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? काही काम अडलं का? चारही 'नाही' असतील तर दमा आवाक्यात आहे. तीन-चार 'हो' असतील तर आधी टप्पा ३ परत करा, मग डोसाचं बोला.

तातडीच्या पंपांचा वर्षाचा हिशेबही सोबत न्या. २०० फवाऱ्यांचे तीन पंप वर्षाला संपत असतील, म्हणजे रोजचे सरासरी दीडहून जास्त फवारे, तर मोठ्या अ‍ॅटॅकचा धोका वाढलेला असतो. बारा संपत असतील तर मृत्यूचाही. वर्षात दोनदा स्टिरॉइडच्या गोळ्या लागल्या असतील तर छातीच्या तज्ज्ञांकडे पाठवायला सांगा.

सगळं उत्तम असेल तर डोस कमी करण्याचा विषय तुम्हीच काढा. तीन महिने दमा शांत राहिल्यावर स्टिरॉइडचा डोस साधारण पाव ते निम्म्याने, असा टप्प्याटप्प्याने उतरवतात. सर्दी असताना, प्रवासाच्या तोंडावर किंवा घरात रंगकाम चालू असताना उतरवायचा नाही. 'आता बरं आहे' म्हणून एका रात्रीत पंप बंद करणं ही या वेळची खास चूक. बरं वाटतंय ते बहुधा पंपामुळेच. डोस उतरवल्यावर दोन-तीन आठवडे वही पुन्हा उघडा, आणि सकाळचा आकडा घसरायला लागला तर पुढच्या भेटीची वाट न पाहता फोन करा.

मधल्या काळात मोठा अ‍ॅटॅक येऊन गेला असेल तर तीन महिने मोजत बसू नका. आठवड्याच्या आत दाखवायला जा, आणि जाताना तोच पंप, तोच स्पेसर पिशवीत घाला.